हजार गायींत आजारी किती?

शीर्षक वाचून हा लेख व्हेटर्नरी कॉलेजच्या अंकातून चुकून इकडे आला असं वाटेल. पण यातलं गणित आपलंच आहे, म्हणून मला ते सांगावंसं वाटलं.

गाई-म्हशींना ब्रुसेलोसिस नावाचा रोग होतो. जनावर पाचव्या महिन्यानंतर गाभडतं, वार अडकते, दूध घटतं. याचे जंतू कच्च्या दुधातून, किंवा गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलल्याने माणसातही येतात. मग चढउतार करणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.

आता एखाद्या तालुक्यात हा रोग किती पसरलाय, हे कसं शोधायचं? सगळी जनावरं तपासणं अशक्य, म्हणून नमुना घ्यायचा. प्रमाणाचा अंदाजच नसेल तर ते ५० टक्के धरायचं. ९५ टक्के खात्री हवी आणि ५ टक्के इकडेतिकडे चालत असेल, तर सूत्रातून उत्तर येतं साधारण ३८४. पण ही ३८४ जनावरं एकाच मोठ्या गोठ्यातली घेऊन भागत नाही. रोग एकीचा शेजारणीला लागतो, त्यामुळे ती स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. म्हणून आधी गावं चिठ्ठ्या टाकून निवडायची, मग गोठे, मग जनावरं. आणि नमुन्यांचा आकडाही वाढवायचा.

तपासणी तशी सोपी. रोझ बेंगॉल चाचणीत रक्तजलाचा एक थेंब आणि गुलाबी रंगवलेल्या मृत जंतूंच्या द्रावणाचा एक थेंब मिसळतात. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह.

खरी गंमत पुढे आहे. समजा, १००० गायींपैकी ५० खरंच आजारी आहेत. चाचणी आजारी गायींपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी गायींपैकी ९८ टक्क्यांना निरोगी म्हणते. म्हणजे आजारी सापडल्या ४५, आणि ९५० निरोगींपैकी १९ उगाच अडकल्या. पॉझिटिव्ह एकूण ६४. खरं प्रमाण ५ टक्के, कागदावर ६.४!

हा आकडा दुरुस्त करता येतो. ०.०६४ मध्ये ०.९८ मिळवा, १ वजा करा आणि (०.९० + ०.९८ − १) म्हणजे ०.८८ ने भागा. उत्तर ०.०५. रोगन आणि ग्लेडन यांनी १९७८ साली मांडलेलं हे सूत्र आजही वापरतात.

पण सूत्र तालुक्याचा आकडा सुधारतं. त्या ६४ मधल्या १९ कोणत्या, हे सांगत नाही. ज्याच्या दारात दोनच गायी आहेत, त्याच्यासाठी हाच प्रश्न मोठा. म्हणून पॉझिटिव्ह जनावराची एलायझासारखी दुसरी चाचणी करायची आणि लसीची नोंदही विचारायची, कारण लसीमुळेही रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ही लस एकदाच देतात. इतक्या लहान वयात दिली की मोठेपणी तपासणीत सहसा घोळ होत नाही.

आणि हो, सुट्टीत गावी गेल्यावर कुणी धारोष्ण दुधाचा आग्रह केला, तर नम्रपणे म्हणा, "काकू, एक उकळी येऊ द्या."