बीपीची गोळी पोटात गेल्यावर काय होते?

पनवेलच्या वस्त्यांत बीपी तपासायला बसलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद केली." कोणी ती दिवसाआड घेते, कोणी डोके दुखले तरच. म्हणून ही गोळी शरीरात काय करते, ते नीट समजून घेऊ.

सरकारी दवाखान्यात अनेकांना सुरुवातीला ॲम्लोडिपिन ही ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती आतड्यातून हळूहळू रक्तात उतरते. रक्तातले तिचे प्रमाण सर्वांत जास्त व्हायला ६ ते १२ तास लागतात. जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू ती सैल करते. वाट रुंद झाली की दाब उतरतो. डोके दुखल्यावर तेवढ्यापुरती घेण्याची ही गोळी नव्हे.

पुढे यकृत तिचे विघटन करते आणि उरलेले बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते. हे काम फार संथ चालते. रक्तातले औषध निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे दिवसाला एकच वेळ पुरते. कालची शिल्लक आजच्या गोळीत मिळते आणि रोज घेतल्यास ७-८ दिवसांनी औषधाची पातळी स्थिर होते. पहिल्या दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका.

फसगत होते ती या संथपणामुळेच. गोळी बंद केल्यावर एक-दोन दिवस शिल्लक औषध काम करते, आणि माणसाला वाटते, गोळीची गरजच नव्हती. मग काहीही न दुखता दाब पुन्हा चढतो. लकवा, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणे, हे धोके तेव्हा वाढतात. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मुलांची शाळाही धोक्यात येते.

यकृताचा आजार असेल, वय झाले असेल, तर औषध शरीरात जास्त वेळ राहते. दारूची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका. पाय सुजले तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा; ते मात्रा किंवा औषध बदलतील. एक वेळ चुकली तर आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नकोत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय त्यातच येते. पाकिटात चार गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा.