आनुवंशिक परीक्षांचे नियमन

व्यक्तीच्या किंवा गर्भाच्या पेशींतील गुणसूत्रे व जनुके तपासून आनुवंशिक विकारांचे निदान करणाऱ्या परीक्षांवर शासनाने घातलेले निर्बंध. अशा परीक्षा वैद्यकाच्या विवेकावर सोडाव्यात की कायद्याच्या कक्षेत आणाव्यात, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत मुख्यतः विमा व नोकरी यांच्या संदर्भात चर्चिला गेला. महाराष्ट्रात तो गर्भलिंगनिदानाच्या निमित्ताने उभा राहिला.

गर्भजल परीक्षेत गर्भारपणाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुईने गर्भजल काढून त्यातील गर्भपेशींची तपासणी करतात. डाउन विकार, थॅलॅसिमिया यांसारख्या विकारांचे निदान हा तिचा मूळ हेतू. क्ष व य या गुणसूत्रांवरून गर्भाचे लिंगही त्याच वेळी कळते, आणि हे आनुषंगिक ज्ञानच पुढे विक्रीची वस्तू बनले. परीक्षेवर सरसकट बंदी घालणे मात्र योग्य ठरले नसते. कारण रक्तस्रावी रोगासारख्या (हीमोफिलियासारख्या) लिंगसंलग्न विकारांत गर्भाचे लिंग जाणणे वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक असते.

स्त्री-संघटनांच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये या विषयावरील देशातील पहिला कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. पुण्यामुंबईतील संस्थांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, त्यानंतरच अंमलबजावणीस काहीसा वेग आला. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड आणि सोनोग्राफी यंत्रांची विक्रीही कायद्याखाली आली. गर्भवतीवर पती वा नातेवाईक यांनी सक्ती केली असे कायदा गृहीत धरतो. त्यामुळे सामान्यतः ती शिक्षेस पात्र ठरत नाही.

राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या; २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. २००१ मध्ये साताऱ्यात हे प्रमाण ८७८, तर सांगलीत ८५१ होते. हे जिल्हे दुर्गम नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रहिमतपूर (ता. कोरेगाव) यासारख्या पुणे–मिरज लोहमार्गावरील बाजारपेठेच्या गावांतून सातारा, सांगली वा मिरज येथील रुग्णालये गाठणे सोपे आहे. उसाचा पैसा, लहान कुटुंबाची इच्छा आणि मुलाची आस ही जेथे एकत्र आली, तेथे नवे तंत्र जुन्या समजुतीच्या कामी आले. साताऱ्यात मुलींचे नाव ‘नकोशी’ ठेवण्याची रूढी होती. २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. ज्या जन्मासच आल्या नाहीत, त्यांची नोंद अर्थात कोठेच नाही.

मार्च २०१७ मध्ये म्हैसाळ (ता. मिरज) येथे एका विवाहितेच्या गर्भपातातील मृत्यूनंतर जमिनीत पुरलेले १९ गर्भ सापडले, तेव्हा केंद्रीय कायद्यास दोन दशके उलटून गेली होती. नोंदपत्रकांतील किरकोळ त्रुटींसाठी आपणास गुन्हेगार ठरवू नये, असा प्रसूतितज्ञांच्या संघटनेचा आक्षेप होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला, आणि ते योग्यच होते. लिंग सांगण्यास एक खूण पुरते आणि तिचा पुरावा मागे राहत नाही. तपासयंत्रणेच्या हाती लागते ती नोंदच.

प्रौढांच्या आनुवंशिक परीक्षांसाठी भारतात अद्याप स्वतंत्र कायदा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तथापि त्यांना कायद्याचे बळ नाही. आनुवंशिक विकारांना आरोग्यविम्यातून सरसकट वगळणे हा भेदभाव होय, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

याहून अवघड प्रश्न नव्या तंत्राने निर्माण केला आहे. गर्भाच्या डीएनएचे अंश मातेच्या रक्तात सापडतात, हे १९९७ मध्ये दाखविण्यात आले. त्यामुळे सुमारे दहाव्या आठवड्यापासून केवळ मातेच्या रक्तावरून गुणसूत्रांतील दोष हुडकता येतात व लिंगही कळू शकते. कायद्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताची परीक्षाही येते. परंतु सोनोग्राफीचे यंत्र मोहोरबंद करता येते, रक्ताची कुपी मात्र कोणत्याही दूरच्या प्रयोगशाळेत पाठविता येते. तेथे अहवाल लिहिणाऱ्याने य गुणसूत्राचा उल्लेख टाळणे, एवढाच काय तो अडसर उरतो.