आवाजाची किंमत

पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रेखणारा हात पाहायला गर्दी जमते. त्याच पेण-रोह्यात डोळ्यांविना संगणक शिकू पाहणाऱ्या मुलाच्या वाटेत मात्र बरीच वर्षं पैसाच आडवा यायचा. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या ‘जॉज’ या सॉफ्टवेअरचा परवाना एक हजार डॉलरच्या आसपास असायचा; म्हणजे संगणकापेक्षा त्याचा आवाज महाग!

2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हे तसंच बोलणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. ते पेनड्राइव्हवरूनही चालतं, मराठीही बोलतं. म्हणजे सायबर कॅफेतल्या संगणकावरही काम भागतं.

हे सॉफ्टवेअर एरवी चित्र पाहत नाही, चित्रामागचे शब्द वाचतं. बटणाला नाव दिलं असेल तर ‘अर्ज भरा, बटण’ असं ऐकू येतं; नसेल तर नुसतं ‘बटण’. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं मराठी परिपत्रक उघडा: दिसायला शुद्ध मराठी, कानावर मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण फाइलमध्ये खरोखर तीच अक्षरं असतात. स्कॅन केलेला कागद असेल तर वाचायला अक्षरंच नसतात.

आवाज फुकट झाला, तरी ही परिपत्रकं युनिकोडमध्ये टाइप करायला कुणाचा किती खर्च होणार आहे?