लिंक उघडण्याआधी तिचा पत्ता कसा वाचायचा?

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यातलं हरिसाल हे मेळघाटातलं गाव 2016 साली देशभर चर्चेत आलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते 'डिजिटल गाव' म्हणून निवडलं होतं. टीव्हीच्या प्रसारणातल्या मोकळ्या लहरी वापरून डोंगराळ भागात इंटरनेट पोहोचवायचा तो प्रयोग होता. 2019च्या लोकसभा प्रचारात हेच गाव पुन्हा गाजलं, पण यावेळी वाद होता तो दाव्यांपैकी किती खरं उतरलं याचा.

त्या वादात एक प्रश्न मागे राहिला. गावात नेट आलं, तरी ते वापरायचं कसं हे कोण शिकवणार?

आज हा प्रश्न थेट पैशांशी जोडलेला आहे. 2025च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर शेतकऱ्याला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झालं. अकोला, अमरावतीतल्या अनेक घरांत ही कामं शेजारच्या पोराच्या मोबाइलवर किंवा सेतू केंद्रावर उरकली गेली. ई-केवायसी सुरू होताच बनावट वेबसाइटही फिरू लागल्या.

खरी वेबसाइट ओळखायची कशी?

वेबसाइटचं रूप कुणालाही हुबेहूब उतरवता येतं. राजमुद्रा, मंत्र्यांचे फोटो, रंग, सगळं. पत्ता मात्र तसाच्या तसा घेता येत नाही. म्हणून आधी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता बघायचा.

सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पत्ता सुरू होतो आणि पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी मुख्य नाव संपतं. तिथून उजवीकडून डावीकडे वाचत यायचं. लाडकी बहीण योजनेचा अधिकृत पत्ता 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे, आणि हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. याउलट एखादा पत्ता 'महाराष्ट्र-जीओव्ही डॉट कॉम' असा संपत असेल, तर त्यात 'जीओव्ही' दिसलं तरी तो सरकारी नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट आणला आहे.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे वेबसाइट खरी, असंही नाही. तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यामधली माहिती तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोरच बसला असेल, तर माहिती सुरक्षितपणे चोराकडेच जाते.

गूगलवर वर दिसलं ते खरं का?

नाही. सगळ्यात वरच्या काही निकालांवर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहक सेवा क्रमांक असा शोधून लावणं धोक्याचं. तो क्रमांक पासबुकावर, एटीएम कार्डाच्या मागे किंवा गॅसच्या बिलावर छापलेला असतो.

फक्त सरकारी वेबसाइटवरची माहिती हवी असेल, तर शोधायच्या शब्दांपुढे इंग्रजीत 'साइट', लगेच दोन टिंबं आणि जागा न सोडता 'जीओव्ही डॉट इन' लिहा. मग बाकीच्या वेबसाइट गाळल्या जातात. 'जीओव्ही'च्या जागी 'एसी' लिहिलं, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या शिक्षणसंस्थांची पानं मिळतात. तुरीवरच्या मर रोगाची माहिती फॉरवर्डपेक्षा तिथे शोधलेली बरी.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडायची का?

फाइलच्या नावाचा शेवट बघा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नसून ॲप आहे. आरटीओचं चलन, पीएम किसान, बँकेचं केवायसी अशा नावांनीही त्या येतात. इन्स्टॉल करताना मेसेज वाचायची परवानगी मागितली जाते. ती दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून भरवसा ठेवू नका, त्याचा मोबाइलही आधीच ताब्यात गेलेला असू शकतो.

आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. आणि 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला, तरी फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच तर?

लाजेपोटी गप्प बसण्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत राहतो. त्याआधी 1930 वर तक्रार पोहोचली, तर मधल्या खात्यात रक्कम गोठवता येते. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वरही करता येते. सोबत बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं.

हे शिकायला कॉम्प्युटर लागत नाही. घरात ज्याला येतं त्याने आजी-आजोबांचा मोबाइल हातात घेऊन काम उरकून देण्याऐवजी मोबाइल त्यांच्याच हातात ठेवावा आणि विचारावं, "हा पत्ता कुठे संपतो, सांगा बरं?" दोन-तीनदा विचारलं की चौथ्यांदा तेच सांगतात.