ओल मोजणारें यंत्र व त्याची जोडणी

पिकास पाणी केव्हां द्यावें हें जमिनीची ओल पाहून ठरवावें, असें आपण सर्वच म्हणतों. परंतु वीतभर खोलीची माती रोज उकरून पाहणारा शेतकरी विरळा. हें काम आतां मायक्रोप्रोसेसर करूं शकतो. इटलींत २००५ सालीं निघालेला आर्डुइनो नांवाचा फलक त्यासाठीं सोयीचा आहे. मात्र ह्या यंत्राचा मेंदू चलाख असला तरी हात फार दुबळे आहेत, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत धरावें.

जोडणीचा प्रयोग ब्रेडबोर्डावर करितात. पूर्वीं रेडिओचे हौशी लोक पाव कापण्याच्या फळीवर खिळे ठोकून तारा जोडीत, त्यावरून हें नांव पडलें. हल्लींची फळी प्लास्टिकची व छिद्रांची असते. पांच पांच छिद्रें आंतून एका धातूच्या पट्टीनें जोडलेलीं असतात; त्यांपैकीं दोहोंत तारा खोंवल्या कीं डाख न देतां त्या एक होतात. कांठाच्या लांब ओळी वीज वांटण्यासाठीं असतात. कांहीं फळ्यांत त्या मध्येंच तुटक असतात. हें न पाहिल्यामुळें नवशिका तासन् तास चूक शोधीत बसतो.

ओलीच्या सेन्सरास तीन तारा असतात : एक पांच व्होल्टांची, दुसरी ग्राउंडची, तिसरी फलकाच्या ए-० ह्या जागीं जाणारी. आर्डुइनो ऊनो फलकावर तेथें ० ते १०२३ यांमधील आंकडा मिळतो. त्या आंकड्यास स्वतःचा अर्थ नाहीं. आपल्याच शेतांतील कोरडी माती व तीच भिजविलेली माती यांचे आंकडे टिपून ठेवावे. काळ्या जमिनीचा आंकडा मुरमाड जमिनीस लागू पडत नाहीं. उघड्या धातूच्या दोन दांड्यांचा सेन्सर स्वस्त मिळतो, पण विजेच्या प्रवाहामुळें त्या दांड्या मातींत लवकर झिजतात. धातु झांकलेला कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा.

आतां पंप. ह्या फलकाची एक पिन सुमारें २० मिलिअँपिअर प्रवाह निर्धोकपणें देते. पांच व्होल्टांच्या लहान रिलेच्या वेटोळ्यास सुमारें ७० लागतात. ती थेट जोडल्यास पिन जळण्याचा संभव असतो. म्हणून मध्यें ट्रान्झिस्टर घालावा, व वेटोळ्यावर उलटा डायोड. कारण प्रवाह तुटतांच वेटोळें उलट दिशेनें मोठा विद्युद्दाब फेंकतें. तयार रिले-फलकांत हीं दोन्हीं बहुधा असतात.

घरची २३० व्होल्टांची किंवा पंपाची वीज ब्रेडबोर्डावर कधींही आणूं नये. येथें प्राणाशीं गांठ आहे. रिलेनेंही पंप स्वतः चालवूं नये. त्यानें केवळ स्टार्टरांतील काँटॅक्टरास इशारा द्यावा. ही जोडणी परवानेदार वायरमनकडून करवावी, आणि हातानें बंद करण्याचें बटन कायम ठेवावें.

पहिल्या हंगामांत तर पंप जोडूंच नये. रिलेच्या जागीं एक लहान दिवा लावावा, आणि तो लागेल त्या दिवशीं खुरप्यानें माती उकरून यंत्र खरें सांगतें कीं नाहीं तें पाहावें. मेळ बसला म्हणजे तारा डाख देऊन पक्क्या कराव्या; ब्रेडबोर्डावरील तारा शेतांतील दमटपणानें व हादऱ्यांनीं ढिल्या होतात.