प्रतिनिधी कोणाचा? : स्कॉटलंडच्या संसदेतील दोन प्रकारचे सभासद

प्रतिनिधित्वाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी तो मांडला, तेव्हा त्यांच्या वयाला अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तेथून पुणे करार, घटना समिती, राखीव मतदारसंघ असा त्या प्रश्नाचा प्रवास झाला. पण अभ्यासवर्गात शिकवताना मला एक उणीव सतत जाणवते. राखीव जागा किती, हे आपल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असते. मात्र पेटीत पडलेल्या मताचे जागेत रूपांतर कोणत्या हिशेबाने होते, आणि निवडून गेलेला माणूस नंतर कोणाला बांधील राहतो, याची चर्चा आपण क्वचितच करतो. बहुजनांच्या मताचे मोल ठरते ते याच हिशेबात.

हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडणारे एक सभागृह म्हणजे स्कॉटलंडची संसद. तिचा आदर्श समोर ठेवावा असे मला सुचवायचे नाही. पण तेथील गुण आणि दोष दोन्ही आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकतात, म्हणून तिची रचना थोडी तपशिलाने मांडतो.

स्कॉटलंड हा ब्रिटनचाच एक भाग. १७०७ साली त्याची स्वतंत्र संसद विसर्जित होऊन सगळा कारभार लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये गेला. स्वतःच्या सभागृहाची मागणी पुढे वाढत गेली. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मते बाजूने पडली, पण एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट कायद्यात घातलेली असल्याने ती मागणी बाद झाली. ११ सप्टेंबर १९९७ रोजी पुन्हा सार्वमत झाले आणि सुमारे ७४ टक्के लोकांनी होकार दिला. १९९८ चा स्कॉटलंड कायदा आला आणि ६ मे १९९९ रोजी पहिली निवडणूक झाली. आरोग्य, शिक्षण, घरे, स्थानिक स्वराज्य संस्था, पोलीस आणि न्याय हे विषय या संसदेकडे आले. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, देशात येण्याराहण्याचे परवाने आणि समान संधीविषयक कायद्याचा बहुतेक भाग वेस्टमिन्स्टरने स्वतःकडे राखला. हा शेवटचा विषय वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याकडे मला परत यायचे आहे.

या संसदेत १२९ सभासद असतात. त्यांपैकी ७३ जण आपल्याकडच्या आमदारांप्रमाणेच एकेका मतदारसंघातून येतात. ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. उरलेले ५६ जण प्रादेशिक सभासद. सगळ्या देशाचे आठ मोठे प्रदेश पाडलेले आहेत आणि प्रत्येक प्रदेशाला असे सात सभासद मिळतात. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडतात. पहिलीवर तो आपल्या मतदारसंघातला उमेदवार निवडतो, दुसरीवर एखाद्या पक्षाची यादी किंवा अपक्ष उमेदवार.

दुसऱ्या मताची मोजणी समजून घेणे महत्त्वाचे आहे. प्रदेशात पक्षाला मिळालेल्या यादीच्या मतांना एका आकड्याने भागतात. तो आकडा म्हणजे त्या पक्षाने त्या प्रदेशात आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला पहिली जागा. मग त्या पक्षाचा भाजक एकने वाढवून पुन्हा तुलना, असे सात वेळा.

१९९९ च्या ग्लासगोचे उदाहरण घेऊ. त्या प्रदेशातले दहाच्या दहा मतदारसंघ मजूर पक्षाने जिंकले. यादीवर त्याला सुमारे १ लाख १२ हजार मते पडली, पण अकराने भागल्यावर उरली जेमतेम दहा हजार. स्कॉटिश नॅशनल पक्षाची सुमारे ६५ हजार मते होती आणि मतदारसंघ एकही नाही. त्याला यादीतून चार जागा मिळाल्या. हुजूर पक्षाला सुमारे २० हजारांवर एक, स्कॉटिश समाजवादी पक्षाला सुमारे साडेअठरा हजारांवर एक आणि जवळपास तितक्याच मतांवर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला एक. मजूर पक्षाला यादीतून काहीच नाही, कारण तो आपल्या मतांच्या मानाने आधीच भरपूर घेऊन बसला होता. एरवी शहरातला प्रत्येक प्रतिनिधी एकाच पक्षाचा झाला असता आणि लाखाहून अधिक मतदारांचा आवाज कोठेच उमटला नसता.

सगळ्या देशाचा हिशेबही असाच आहे. त्या निवडणुकीत मजूर पक्षाला मतदारसंघांतली ३९ टक्क्यांहूनही थोडी कमी मते मिळाली, तरी ७३ पैकी ५३ मतदारसंघ त्याच्याकडे गेले. यादीची जोड मिळाल्यावर १२९ पैकी त्याच्या जागा ५६ झाल्या. बहुमत हुकले आणि त्याला दुसऱ्या पक्षाबरोबर सरकार बनवावे लागले. अर्थात बहुमत अशक्य होते असेही नाही. २०११ साली स्कॉटिश नॅशनल पक्षाने ६९ जागा मिळवल्याच.

आता हे दोन प्रकारचे सभासद काम कसे करतात ते पाहू. कायद्याने दोघांचा दर्जा एक, पगार एक, सभागृहातले मत एक. दोघेही समित्यांवर बसतात, दोघेही मंत्री होतात. निकोला स्टर्जन १९९९ साली ग्लासगोच्या गोव्हन मतदारसंघात पराभूत झाल्या आणि यादीतून संसदेत आल्या. २०१४ साली त्याच स्कॉटलंडच्या पंतप्रधानपदी, म्हणजे तिकडच्या भाषेत फर्स्ट मिनिस्टरपदी, बसल्या.

नागरिकाच्या दृष्टीने मात्र चित्र असे की त्याला एकूण आठ सभासद आहेत : मतदारसंघाचा एक आणि प्रदेशाचे सात. इस्पितळात उपचाराला विलंब होतो, मुलाला शाळेत त्रास होतो, घर मिळत नाही, अशा कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी तो आठांपैकी हव्या त्याच्याकडे जाऊ शकतो. मतदारसंघाचा सभासद आपल्या जातीचा, पक्षाचा किंवा गोटाचा नाही म्हणून दार बंद, असे तेथे होत नाही. एकाने दाद दिली नाही तर दुसरा आहे.

आठ दारे उघडी असली की गोंधळही होतो. पहिल्या काही वर्षांत मतदारसंघांच्या सभासदांची तक्रार असे की यादीवाले सगळा प्रदेश सोडून नेमक्या त्याच मतदारसंघात कार्यालय थाटतात, जेथे पुढची निवडणूक त्यांना लढवायची असते. म्हणून सभासदांच्या आचारसंहितेत नियम आले. प्रादेशिक सभासदाने स्वतःला एखाद्या मतदारसंघाचा 'स्थानिक' सभासद म्हणवून घेऊ नये. त्याने प्रदेशातल्या दोनांहून अधिक मतदारसंघांत काम करावे. एखाद्या नागरिकाचे प्रकरण त्याने मंत्र्याकडे किंवा नगरपालिकेकडे नेले, तर मतदारसंघाच्या सभासदाला सुरुवातीलाच कळवावे. मात्र नागरिकाची संमती नसेल तर कळवू नये. ही शेवटची सवलत मला फार मोलाची वाटते. गावातल्या बलवानाविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला आपले नाव कोठे पोचते याची धास्ती असते. ती धास्ती नियमात विचारात घेतलेली आहे.

इथपर्यंतची बाजू चांगली आहे. दोष आहे तो यादीत. यादीतला क्रम पक्ष ठरवतो आणि मतदाराला तो बदलता येत नाही. पहिल्या क्रमांकावर कोण आणि सातव्यावर कोण, याचा निकाल मतदानाच्या आधीच पक्षात लागलेला असतो. २००६ साली आर्बथनॉट आयोगाने यादी खुली करा, मतदाराला नाव निवडू द्या, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही.

वांशिक अल्पसंख्याकांच्या वाट्याला काय आले, यावरून ही यादी नीट पारखता येते. १९९९ आणि २००३ अशा दोन निवडणुकांत १२९ पैकी एकही सभासद गौरेतर नव्हता. म्हणजे यादीची पद्धत होती, जागाही होत्या, पण निवडून येण्याजोग्या क्रमांकावर पक्षांनी तसे नाव ठेवले नाही. २००७ साली बशीर अहमद ग्लासगोच्या यादीतून आले. जन्म अमृतसरचा, १९६१ मध्ये ग्लासगोला आलेले, तेथे बसवर कंडक्टर आणि पुढे ड्रायव्हर म्हणून राबलेले. त्यांनी शपथ इंग्रजीबरोबर उर्दूतही घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. मतदारसंघाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते. यादीच्या जागेवर त्याच पक्षाच्या यादीतले पुढचे नाव येते. त्यामुळे त्यांची जागा पक्षाकडेच राहिली, पण गौरेतर सभासद पुन्हा एकही उरला नाही. जागा समाजाची की पक्षाची, याचे उत्तर या एका घटनेत मिळते. गौरेतर स्त्री या संसदेत पोचायला तर २०२१ साल उजाडले. त्या वर्षी निवडून आलेल्या सहा गौरेतर सभासदांपैकी चार यादीतले होते. यादी दार उघडू शकते हे यातून दिसते. पण ते कधी उघडायचे, हे पक्षानेच ठरवले.

आता आपल्याकडे वळू. पुणे करारात एक तरतूद होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून सर्वांनी मिळून एक. यादी कोणाच्या हाती, या प्रश्नाचे ते अर्धेमुर्धे उत्तर होते. स्वतंत्र भारताच्या घटनेत ती प्राथमिक फेरी राहिली नाही. जागा राखीव, पण उमेदवार पक्षाचा आणि मतदार बहुसंख्य सवर्ण. १९५२ साली दोन सदस्यांच्या उत्तर मुंबई मतदारसंघात राखीव जागेवर खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला, तो या हिशेबाने. दोन सदस्यांचे मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

बाबासाहेब प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे सरसकट पुरस्कर्ते नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी त्याला विरोध केला. निरक्षर मतदाराला ती मोजणी झेपणार नाही आणि सरकार स्थिर राहणार नाही, ही त्यांची कारणे होती. पण १९५५ साली भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकवटून देता येणारी मते असा उपाय सुचवला. तीन जागा असतील तर मतदाराला तीन मते, आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. विखुरलेल्या वस्त्यांनी आपली ताकद एका नावावर गोळा करावी, कोणाच्या मेहेरबानीवर राहू नये, हा त्यामागचा विचार. यात पक्षाच्या बंद यादीची गरजच पडत नाही.

नुसते एकाहून अधिक प्रतिनिधी असले म्हणून काम भागत नाही, याचा पुरावा तर आपल्या शहरांत आहे. २०१७ साली पुणे, नागपूरसारख्या महापालिकांत चार नगरसेवकांचे प्रभाग होते. प्रत्येक जागेसाठी मतदाराने वेगळे मत द्यायचे, म्हणजे प्रभागात ज्याचे बहुमत त्याला चारही जागा जिंकता येतात. चार दारे दिसतात, पण घर एकाचेच असू शकते. स्कॉटलंडमध्ये आठ दारांना अर्थ आहे, तो पुढच्या जागा मागे पडलेल्यांना देणाऱ्या त्या भागाकारामुळे.

शेवटी तो राखून ठेवलेला विषय. ब्रिटनमध्ये आपले लोक मुख्यतः इंग्लंडच्या मिडलंड्स भागात आणि लंडनच्या परिसरात आहेत. जात त्यांच्याबरोबर तेथेही गेली. जातिभेदाला समानता कायद्यात आणण्याची जबाबदारी वेस्टमिन्स्टरने २०१३ साली सरकारवर टाकली. २०१८ साली सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांच्या निर्णयांवर विसंबू. आता समजा, ग्लासगोतल्या एखाद्या कारखान्यात एखाद्याला जातीवरून वाईट वागणूक मिळाली. त्याच्या आठही सभासदांनी मनावर घेतले, तरी हा कायदा बदलण्याचा अधिकार त्यांच्या सभागृहाला नाही. त्यासाठी त्याला वेस्टमिन्स्टरमधल्या एकुलत्या एका खासदाराकडे जावे लागेल, आणि तो निवडून येतो आपल्याकडच्यासारखाच, सर्वांत जास्त मतांवर. दारे किती याच्याइतकेच त्या दारांपलीकडे कोणता अधिकार ठेवला आहे, हेही महत्त्वाचे.

म्हणून कोणत्याही प्रतिनिधित्वाची तपासणी करताना कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पराभूताच्या मताला हिशेबात जागा आहे का? उमेदवाराचे नाव कोण ठरवतो? आणि ज्या विषयात आपल्यावर अन्याय होतो, तो विषय त्या सभागृहाच्या हाती आहे का? स्कॉटलंडने पहिल्या प्रश्नाचे बरे उत्तर दिले, दुसऱ्याचे दिलेले नाही आणि तिसऱ्याचे उत्तर त्याच्या हातातच नव्हते. आपल्या राखीव मतदारसंघांना, जिल्हा परिषदांना आणि महापालिकांना हेच तीन प्रश्न लावून पाहावेत. ज्या तालुक्यात अभ्यासमंडळ आहे, त्याने मागच्या एका निवडणुकीचे आकडे घेऊन हा हिशेब स्वतः मांडावा. आपली किती मते पडली आणि त्यांचे पुढे काय झाले, ते कागदावर दिसेल.