बंद इंजिनाचा तपास

मृगाच्या सरी कोसळून गेल्या की बंगल्यांच्या, शाळांच्या आणि जिमखान्यांच्या आवारांतील हिरवळ बघता बघता घोट्याच्या वर चढते, आणि फाल्गुनापासून कोठीच्या कोपऱ्यात पडून राहिलेले गवत कापण्याचे पेट्रोलयंत्र बाहेर काढून माळी त्याची दोरी ओढू लागतो; परंतु इंजिन सुरू होत नाही. अशा प्रसंगी खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढत राहणे हा जसा एक सार्वत्रिक प्रमाद आहे, तसाच दिसेल तो स्क्रू पिळून पाहणे हा दुसरा. आणि हा दुसरा अधिक घातक होय, कारण त्यामुळे मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष उत्पन्न होतो व मागाहून येणाऱ्या मिस्त्रीला दोहोंची शहानिशा करणे दुरापास्त होऊन बसते.

वस्तुतः एका सिलिंडरच्या या लहानशा इंजिनाच्या मागण्या मोजक्याच आहेत: हवेत यथाप्रमाण मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणाला पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पेट्रोलचा कॉक उघडा आहे, चोक लावलेला आहे आणि हवेची जाळी धुळीने कोंदलेली नाही, एवढी खातरजमा प्रथम करावी. हँडलवरील सुरक्षा-दांडीही पाहावी. ती सोडली की बहुतेक यंत्रांत कॉइलला अर्थिंग मिळून ठिणगी बंद पडते, आणि म्हणून दांडीची केबल सैल झालेली असेल तर दांडी दाबूनही इंजिन मुकेच राहते.

यानंतर स्पार्क प्लगची साक्ष घ्यावी. चोक लावून काही वेळा दोरी ओढल्यावर काढलेला प्लग कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. तो ओला निघाला, तर पेट्रोल आले आहे पण ठिणगी पडत नाही, किंवा मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे. ओव्हर झालेले इंजिन प्लग पुसून, चोक काढून, थोडा वेळ तसेच ठेवले की बहुधा पूर्वपदावर येते. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे व दोरी ओढावी. मात्र सिलिंडरच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असल्याने हा प्रयोग त्या छिद्रापासून दूर करावा. ठिणगी नसेल तर आधी प्लग बदलून पाहावा. त्याच्या टोकांतील अंतर सामान्यतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

तथापि हंगामभर पडून राहिलेल्या यंत्रात प्लग कोरडाच निघण्याचा संभव अधिक, आणि तेव्हा कसूर बहुतांशी कार्ब्युरेटरचा असतो. प्लगच्या छिद्रातून ताज्या पेट्रोलचे काही थेंब आत टाकून, सांडलेले पुसून व प्लग बसवून दोरी ओढली असता इंजिन क्षणभर चालून बंद पडले, तर या अनुमानाला पुरावा मिळालाच असे समजावे. पेट्रोल महिना उलटला की शिळे होऊ लागते. त्यातील हलका अंश उडून जातो आणि उरलेल्याचा गुळाच्या पाकासारखा चिकट थर जेटच्या केसाएवढ्या छिद्रात बसतो. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. अनेक लहान इंजिनांच्या उत्पादकांनी आपल्या माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल वापरू नये असे बजावले असताना आपल्या पंपांवर २०२५ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्रास मिळू लागले आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि पावसाळी दिवसांत पाण्याचा अंश फ्लोटच्या वाटीच्या तळाशी साचून तेथे धातू गंजल्याची पांढरी पूड जमते. वाटी उघडून ही घाण पुसावी, जेट तांब्याच्या मऊ बारीक तारेने मोकळा करावा. सुई किंवा ड्रिल त्यात कदापि घालू नये, कारण पितळेचे छिद्र तसूभर रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. वाटीचा बोल्टही निरखून पाहावा, काही कार्ब्युरेटरांत तोच मुख्य जेट असतो. हंगाम संपताना टाकी रिती करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले असते, तर हा सारा खटाटोप बहुधा टळला असता.

हे सर्व करताना यंत्र आडवे करावे लागले तर कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवावी, आणि पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करावी. या नियमाला अपवाद नाही.

दाबाची तक्रार क्वचितच उद्भवते. दोरी अगदी निर्जीवपणे, विनाविरोध सुटू लागली, तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट नादुरुस्त आहे असे मानून यंत्र कारखान्यात धाडावे.

मात्र एक दोष असा आहे की जो भल्याभल्यांना चकवतो. पेट्रोल ताजे, ठिणगी लख्ख, दाब उत्तम, आणि तरीही इंजिन फटकारे मारते किंवा दोरी हातातून उलट खेचून घेते. अशा वेळी गवतात दडलेल्या दगडावर पाते आपटले होते काय, हे माळ्याला विचारावे. फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर जिने जागेवर धरलेले असते ती चावी पुष्कळ यंत्रांत मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. पात्याला आघात झाला की ती अर्धवट कातरली जाते, फ्लायव्हील किंचित सरकते व ठिणगी भलत्याच क्षणी पडू लागते. पुलरने फ्लायव्हील उतरवून नवी चावी बसवावी आणि कॉइल सैल केलीच असेल, तर ती व फ्लायव्हीलचे चुंबक यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढी, फट राखून तिचे स्क्रू आवळावेत.